भिंतीला टेकवलेला वरवंटा

उत्खननात आम्ही काहीच टाकून देत नाही. फुटक्या मडक्याचं नखाएवढं खापर निघालं तरी ते धुवायचं, उन्हात वाळवायचं, त्यावर बारीक अक्षरात नंबर घालायचा आणि पोत्यात भरायचं. दोन हिवाळ्यांत पोती छताला टेकलीत. किश्श्यांचंही तसंच झालंय. फरक इतकाच की धुतलेलं खापर गप पडून राहतं. किस्से मात्र भाजी चिरताना, स्कूटी चालवताना, लेकीची वेणी घालताना मधेच आठवतात, आणि माझा हात जोरात ओढला जातो. मग लेक ओरडते. तिच्या केसांसाठी तरी ते सांगून मोकळं व्हायला हवं!

मी प्राचीन इतिहासात एम.ए. केलं. वैनगंगेकाठच्या एका गावाला लागून जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. तिथे खोदकाम चालतं. (गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथेच काम करायचंय.) निघालेल्या वस्तूंची रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि चित्रं काढायची, ही माझी करारावरची नोकरी. नवरा नागपुरात, मी आणि चार वर्षांची मिहू कारध्याला भाड्याच्या खोलीत. मी जात्याच भित्री. मिहूला दोन शिंका आल्या की मी मोबाइलवर न्यूमोनियाची लक्षणं वाचते. तेव्हा पुढे कुठे मी शूर वाटले, तर तेवढा भाग मी सुधारून सांगतेय असं खुशाल समजा.

* * *

पहिल्याच हिवाळ्यात एका घराची चूल निघाली. तीन दगड, मधे राख. राखेत माशांचे काटे, धानाचे जळके दाणे. आम्हाला काय आनंद झाला होता!

दुपारी दामूसेठ आले. दामूसेठ म्हणजे गावातले राइस मिलवाले, मंदिर समितीचे अध्यक्ष, आणि गावात काहीही निघालं, अगदी नळाचं पाणी निघालं, तरी नारळ फोडणारे. त्यांनी खड्ड्यात डोकावून हात जोडले.

"यज्ञकुंड!"

"सेठ, चूल आहे," मी म्हटलं.

"मॅडम जी, राख दिसून राहिली ना तुमाले?"

"राखेत माशांचे काटे आहेत."

दामूसेठनी क्षणभर विचार केला. "ते मागाहून कोणी टाकले असतीन. बदनामीसाठी."

राखेवर पाच हात माती होती. म्हणजे शत्रूने दोन हजार वर्षं आधी मासे खाऊन ठेवले होते!

मी हसले. तेव्हा मला हसू यायचं.

* * *

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम एकाच बाजूला बोट दाखवतात.

पुढच्या महिन्यात विटांचं गोल बांधकाम निघालं. मेश्राम गुरुजी सायकलवरून आले. गुरुजी निवृत्त मास्तर, गावातल्या बुद्धविहाराचं सगळं तेच पाहतात. त्यांनी टोपी काढली, विटांना हात लावायच्या आधी मला विचारलं (हे विचारणारा गावातला पहिला माणूस!), आणि म्हणाले, "स्तूप होय हा."

"गुरुजी, विहीर आहे. आत पाण्याची मडकी सापडली."

"मंग भिक्खूंची विहीर."

"कशावरून?"

"एवढी साजरी वीट दुसरं कोण लावन?"

मी त्यांना जिल्ह्यात खरोखरच जुने स्तूप निघालेत, त्यासाठी ही विहीर कशाला हवी, असं काहीतरी समजावलं. ते ऐकून घेत राहिले. जाताना सायकलचं स्टँड पायाने काढत म्हणाले, "मॅडम, आमचं खरं निघाल्लं तेबी लोकायनं किती खेपा दुसऱ्याच्या नावावर केलं, त्याची नोंद तुमच्या रजिस्टरात आहे का?"

नव्हती. मी उगाच पेन्सिलीला टोक केलं.

* * *

आता तो दगड. आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे, जी सांगताना अजूनही कानशिलं तापतात.

धान चुरून, म्हणजे मळणी, झाली की गावातल्या बाया आमच्याकडे कामाला येतात. त्यांत पारबताबाईंचा हात सगळ्यांत हलका. सांधेवाताने बोटं वाकडी झालीत, पण खुरपीने माती अशी उचलतात की खालचं खापर झोपेतून जागं होत नाही. दुपारी आम्ही दोघी डबा एकत्र उघडतो. त्यांच्या डब्यात रोज पाट्यावर वाटलेली हिरवी चटणी: मिरची, लसूण आणि सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. सांभाराशिवाय चटणीला त्या चटणी मानत नाहीत.

एका संध्याकाळी, काम थांबवायच्या वेळेला, पारबताबाईंच्या खुरपीखाली गुळगुळीत काळा दगड निघाला. गोल डोक्याचा, उभा. बाकीचा मातीतच. मला टॅग लिहायची होती. आमचे कॅम्पचे सर एकदा म्हणाले होते, "ज्याचा उपयोग कळत नाही, त्याला तूर्तास 'विधीची वस्तू' म्हणायचं." साऱ्या जगातले पुरातत्त्ववाले हेच करतात. आमचं अज्ञान आम्ही देवाच्या खात्यात टाकतो.

मिहूची अंगणवाडी कधीच सुटली होती, घरमालकीणबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. मी घाईत लिहिलं: "उभा गोल दगड. पूजेशी संबंध असू शकतो." दगडाजवळ टॅग खोचली आणि पळाले.

सकाळी पारबताबाईंनी उरलेली माती काढली. शेजारीच चार बुटक्या पायांचा दगडी पाटा! मधोमध झिजून खोलगट झालेला. पारबताबाई खड्ड्यातच फतकल मारून बसल्या नि हसायला लागल्या.

"अवो मॅडम, हा तं पाटा होय! अन् हा वरवंटा. बाईनं वाटण वाटलं, धुतला, अन् भितीले टेकून उभा करून ठेवला. मीबी असाच ठेवतो."

"उभा का पण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिहूची खरी आई आहे की नाही याची त्यांना शंका आली.

"आडवा ठेवला तं गडगडते ना वो! लेकराच्या पायावर पडन."

दोन हजार वर्षांपूर्वी या इथे एक बाई लेकराच्या पायाची काळजी करत होती. हा पुरावा नाही, मला ठाऊक आहे. सर म्हणतील, लेकरू कुठे सापडलं? तरी मी हळूच त्या वरवंट्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या माणसांत मला पहिल्यांदाच माझ्यासारखी भित्री कुणीतरी भेटली होती!

मी जुनी टॅग काढून नवी लिहिली. पण उशीर झाला होता.

* * *

कारण आदल्या संध्याकाळी, मी गेल्यावर, कुणीतरी टॅगसकट फोटो काढला होता.

दुपारी सासूबाईंचा नागपूरहून मेसेज आला. फुलांची चौकट, मधे माझा दगड, खाली माझं अक्षर. वर लाल रंगात: "वैनगंगेकाठी प्रकटले स्वयंभू शिवलिंग! मोठ्या महिला शास्त्रज्ञांची लेखी कबुली!"

पाठोपाठ सासूबाईंचा फोन. "बघ, तुमच्याच भागात एवढा मोठा शोध लागला. कुणी शास्त्रज्ञ बाई आहेत म्हणे. आणि तू तिथे दोन वर्षं खापरं धुतेयस!"

"आई, ते अक्षर माझं आहे."

"मग खाली नाव तरी घालायचंस!"

* * *

आठ दिवसांत खड्ड्यावर मांडव, भोवती दोरी. बपेऱ्याच्या पलीकडून मध्य प्रदेशातले लोक ट्रॅक्टर भरून दर्शनाला आले. आंधळगावच्या बाजारात दगडाचे फोटो लॅमिनेट करून विकायला लागले. दामूसेठच्या नव्वदीच्या आईला, म्हणजे साऱ्या गावाच्या आजीला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. पहिलं दर्शन तिचं. तिला दिसतं कमी. नाक मात्र शाबूत!

मांडवावर बोर्ड लागला: "साडेसात हजार वर्षे प्राचीन."

सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, अंदाजे दोन हजार. मी दामूसेठना गाठलं. "सेठ, हे साडेसात हजार कुठून काढलं?"

"मॅडम जी, शेजारच्या जिल्ह्यातल्यानं सहा हजार लिवलं ना! मंग आपन का कमी आहो?"

पुराणवस्तूचं वय ठरवण्याच्या पद्धती मला परीक्षेत होत्या. चौदा मार्कांना. ही पद्धत सिलॅबसमध्ये नव्हती!

* * *

खरा संताप पुढे आला.

त्या मांडवात एक पाटी लागली: "महिलांनी दोरीच्या आत येऊ नये." का, तर स्थान जागृत आहे, आणि बायांचं काही सांगता येत नाही. खुर्चीतल्या आजीला सूट. तिचं वय झालं म्हणे.

पारबताबाई घमेलं घेऊन नेहमीसारख्या खाली उतरायला गेल्या, तर समितीच्या माणसाने हात आडवा केला. हा माणूस त्या खड्ड्यात कधी उतरला नव्हता. चपलेला माती लागते म्हणून!

"काहून जी?" पारबताबाई म्हणाल्या. "परवा माह्या हातानं निघाला. आज माह्या हाताचा विटाळ?"

"मावशी, धरमाचं काम आहे."

"मले नोको शिकवू. मी चाळीस वर्सापासून सोमवार धरतो. माह्या महादेवाले कायले खोटी साक्ष पायजे रे? त्याले का पिंडी कमी पडल्या, म्हून माह्या पाट्यावरचा वरवंटा उचलता?"

कुणी ऐकलं नाही. त्यांचं घमेलं दोरीबाहेर ठेवलं गेलं.

आणि मी? मी तिथेच उभी होते. त्या रात्री मनातल्या मनात मी फर्डं भाषण केलं. "माझ्या मिहूच्या बारशाला आम्ही वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवला होता, सगळ्या बायांनी तो पाळण्याखालून इकडून तिकडे दिला होता, म्हणून काय वरवंटा माझा थोरला मुलगा झाला?" फार छान झालं भाषण. ऐकायला फक्त पंखा होता.

म्हणजे बघा: एका बाईने घडवून घेतला, एका बाईने वापरला, एका बाईने शोधला, एका बाईने (चुकीची का होईना) नोंद केली. आणि बाईनेच लांब राहायचं!

* * *

सर काय करत होते? सर चांगले आहेत. फक्त त्यांना माणसांपेक्षा मातीचे थर जास्त कळतात. दगडावर रोज दुधाचा अभिषेक होतोय म्हटल्यावर त्यांचा रंग उडाला.

"पाट्याच्या भेगांत जुन्या वाटणाचे कण असतील! लॅबला पाठवायचे होते! काय वाटायचे कळलं असतं!"

"आता काय कळेल, सर?"

"गोकुळाष्टमीचा प्रसाद केला होता असं कळेल!" सर ओरडले. मी त्यांना पहिल्यांदाच विनोद करताना ऐकलं, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून.

मग मात्र त्यांनी तक्रारीचं पत्र लिहिलं. ठरलं असं की तालुक्याचे साहेब येऊन जागेवरच निकाल देणार. वस्तू घरगुती असेल तर कॅम्पच्या कोठारात, खोदकाम पुढे चालू. पूज्य असेल तर समितीच्या ताब्यात, आणि टेकाडावरचं काम बंद. आधार? रजिस्टरमधली नोंद. म्हणजे मी.

* * *

सुनावणीच्या आदल्या दिवशी दामूसेठ माझ्याकडे आले. हातात पेढे.

"मॅडम, असू शकतो असं तुमीच लिवलं. आमी कुठं खोटं बोललो? फक्त 'असू शकतो'च्या जागी 'आहे' करा."

"सेठ, तो वरवंटा आहे."

"बरं." ते उठले. चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमची पोरगी कारध्याच्या अंगणवाडीत जाते ना? पिवळी वॉटरबॅग. गोड आहे."

बस, एवढंच. एवढ्याची पोलिसात काय तक्रार करणार? साहेब, यांनी माझ्या मुलीला गोड म्हटलं? मी पेढ्यांचा पुडा उकिरड्यावर टाकला आणि स्कूटी अशी हाणली की कारध्याच्या पुलावर माझी ओढणी नदीला अर्पण झाली. मिहू अंगणवाडीत खिचडी खात होती. पिवळी वॉटरबॅग गळ्यात. मला बघून म्हणाली, "इतक्या लवकर काऊन आली?"

घरी परतले तर दारात मेश्राम गुरुजींची सायकल. त्यांनी मिहूसाठी पिशवीभर पेरू आणले होते. मग घसा खाकरून म्हणाले, "पाट्याले चार पाय आहेत. आसन लिहिता येईल का? बुद्धाचं नाही म्हणत मी. नुसतं आसन."

मी रडायच्या बेतात होते, त्यामुळे ओरडले. "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंत!"

"शिकवलं ना." त्यांनी पिशवीतून आणखी एक पेरू काढून मिहूच्या हातात दिला. "मॅडम, आजवर सगळ्यायनं तिकडच्या बाजूनंच चुका केल्या. एक खेप तं आमच्या बाजूनं करून पहा."

दामूसेठच्या धमकीने मला भीती वाटली होती. गुरुजींच्या या वाक्याने माझी झोप गेली. तरी मी मान हलवली. नाही म्हणून.

गुरुजी पेरू परत न नेता गेले.

* * *

सुनावणीला सारं गाव. साहेब खुर्चीवर, शेजारी सर, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला गुरुजी आणि विहारातली मंडळी. सगळ्यांत पुढे आजी, दामूसेठची आई, आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. दोरीच्या आत हार घातलेला, भस्म लावलेला वरवंटा, आणि पाट्यावर तांबडं कापड. मिहूला मी कडेवर घेऊन आले होते. त्या दिवशी तिला कुठेही ठेवायची माझी हिंमत नव्हती.

"वाचा, मॅडम," साहेब म्हणाले.

मी मिहूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रजिस्टर उघडलं.

"पाटा आणि वरवंटा. घरगुती वापराचे. पहिली टॅग माझी होती. ती चुकीची होती. मी न बघता, घाईत लिहिली."

एकच गलका! "आधी एक लिवते, मंग दुसरं लिवते!" "पैसे कोणी देल्ले?" "विधर्मी!" दामूसेठ उभे राहिले. "साहेब, ह्या बाईचं कोनतं खरं मानाचं? वरवंटा होय, याले पुरावा काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, पुरावा?"

मी झीज, पाय, थर असं काहीतरी पुटपुटले. माझंच मला ऐकू येईना.

तेवढ्यात पारबताबाईंनी दोरी वर उचलली आणि खालून आत गेल्या.

"ए मावशी! ए!"

त्यांनी वरवंट्यावरचा हार काढला, कपाळाला लावून बाजूला ठेवला. कापड घडी करून त्यावर ठेवलं. पदराने भस्म पुसलं. मग पाट्यापुढे उकिडव्या बसल्या आणि कमरेच्या चंचीतून चार हिरव्या मिरच्या, लसणाची कुडी आणि मिठाचा खडा काढला.

"पारबताबाई, नको! सॅम्पल!" सर किंचाळले.

वरवंटा पाट्यावर एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. त्या वाकड्या बोटांत तो असा बसला, जणू त्यांच्याच मापाने घडवला होता. घर्रर्र, घर्रर्र. तो आवाज ओळखत नाही असं त्या मांडवात कोणी नव्हतं. साहेबांचं पेन हवेत. ठेचलेल्या मिरचीचा नि लसणाचा वास हळूहळू दोरीबाहेर आला, आणि मिहू माझ्या खांद्यावर शिंकली.

पुढच्या खुर्चीत आजीने मान वर केली. नाक एकदा ओढलं. पुन्हा ओढलं.

"कोण वो ते? पारबता?" ती म्हणाली. "सांभार नाही टाकला का?"